अर्धलीच्या शेळ्या

"शेळ्या कुणाच्या?" आडसूळनं विचारलं.

हौसाक्कानं महिपतीअण्णाकडं बोट केलं. महिपतीअण्णानं हौसाक्काकडं. दोघांची बोटं एकाच वेळी उठली, आणि दोघांनीही एकमेकांकडं बघायचं टाळलं. आडसूळनं पेनाचं टोपण काढलं होतं, ते त्यानं परत लावलं.

"पुन्हा विचारतो," तो म्हणाला. "ह्या चौदा शेळ्या आहेत. मालक कोण?"

"मालक त्यो," हौसाक्का म्हणाली, पण मला म्हणाली. "शालन, सांग सायबाला. जनावर त्याचं हाय. मी निस्ती चारती."

"शालनवहिनी, आक्काला सांगा," महिपतीअण्णा पडवीच्या खांबाला म्हणाला, "गोठा तिचा, पाला तिचा, बाळंतपणं तिनं केली. नाव तिचंच घाला."

दोघांमध्ये अंतर होतं दोन हातांचं. निरोप माझ्याकडून जात होते.

करोनाचं ते पहिलं वर्ष. शाळेत मुंबई-पुण्याहून आलेली माणसं ठेवलेली, ग्रामपंचायतीला कुलूप, म्हणून शेळ्या-मेंढ्यांच्या पाहणीचं टेबल माझ्या गिरणीच्या पडवीत मांडलं होतं. आठवडी बाजार चैतापासून बंद. ज्यांच्या दावणीला विकायची जनावरं अडकून पडली त्यांना सरकार जनावरामागे मदत देणार होतं. आडसूळ गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होता, पण त्याच्या पिशवीत सुई असायची म्हणून सगळं गाव त्याला डॉक्टर म्हणायचं, आणि त्यानं कधी कुणाची चूक दुरुस्त केली नव्हती.

सकाळपासून त्या टेबलावर मी माणसं बघत होते. गिरणीवाल्या बाईला माणसं वजनानं कळतात. कोण जोंधळ्यात हरभरा मिसळून दळायला आणतं आणि निव्वळ जोंधळ्याची दळणावळ देतं, हे मी पोत्याला हात लावून सांगते. त्या दिवशी एकानं मेव्हण्याच्या मेंढ्या आपल्या म्हणून लिहिल्या होत्या. दुसऱ्यानं गाभण शेळीच्या पोटातलं पिल्लूही धरा म्हणून आडसूळशी पाव तास वाद घातला होता. मला त्यात नवल काहीच वाटलं नव्हतं. पण आपल्या नावावर पैसे येऊ नयेत म्हणून दोन माणसं भांडतात, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. यात काहीतरी काळंबेरं असणार असं मला वाटलं, आणि ते काय हे मात्र काही केल्या कळेना.

हौसाक्काला तर त्या पैशांची गरज साऱ्या गावात जास्त. तीन महिने बोकड विकला गेला नव्हता. बाभळीच्या शेंगा संपल्या, पाऊस अजून यायचा होता, शेळ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. एका व्यापाऱ्यानं सगळ्या शेळ्या उक्त्या मागितल्या होत्या. किंमत अशी सांगितली होती, की ऐकून मीच त्याला दळण न घालता परत पाठवला असता. त्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मी हौसाक्काला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं: सरकारच्या यादीत नाव लाव, मग मदत येईल तेव्हा येईल, तोवर पेंड आणि मक्याचा भरडा मी उधार घालते. यादीत नाव नसेल तर नाही. नुसत्या शब्दावर उधार द्यायला मी काही तिची आई नव्हते.

म्हणजे हिशेब सरळ होता. नाव लागलं तर शेळ्या जगतात. नाही लागलं तर उद्या टेम्पोत चढतात.

आणि ही बाई नाव लावून घ्यायला तयार नव्हती.

"अहो, अर्धलीच्या आहेत त्या," मी आडसूळला समजावलं. तो दूरच्या जिल्ह्यातला, त्याला आमच्याकडची रीत ठाऊक नसावी. "मालक शेळी देतो, दुसरा सांभाळतो. पिल्लं निम्मी त्याची, निम्मी ह्याची. मूळची शेळी मालकाची."

"मग निम्म्या-निम्म्या लिहू?"

"लिहा की."

"कुठल्या निम्म्या?" आडसूळ म्हणाला. त्यानं पिवळ्या बिल्ल्यांची पिशवी दाखवली. "एकेकीच्या कानात बिल्ला मारायचा. बिल्ल्याच्या नंबरापुढं एक नाव. अर्धलीचा रकाना सरकारनं ठेवलेला नाही, ताई. तुमची वाटणी झाली असेल त्याप्रमाणे सांगा."

मी दोघांकडं बघितलं. हौसाक्का पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, महिपतीअण्णा चपलेनं जमीन उकरत होता.

"झालीय ना वाटणी?" मी विचारलं.

अर्धलीची वाटणी वर्षाला होते. पिल्लं दूध तोडली, की सांभाळणारा दोन वाटे घालतो आणि मालक त्यातला एक उचलतो. वाटे घालणाऱ्यानं लबाडी केली तर चांगला वाटा दुसरा उचलून नेणार, म्हणून दोन्ही वाटे आपोआप सारखे पडतात. मला ही रीत फार आवडते. माणसाच्या हावरेपणावरच विश्वास ठेवून उभी केलेली आहे.

"झालीच न्हाई," हौसाक्का हळूच म्हणाली.

"औंदा?"

"कवाच न्हाई."

नऊ वर्षं. नऊ वर्षांत एका शेळीच्या चौदा शेळ्या झाल्या, आणि त्यातली कुठली कुणाची हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. आडसूळनं डोक्याला हात लावला. माझ्या तर सगळ्या हिशेबाच्याच गाठी बसल्या. कारण ह्या दोघांचा हिशेब मला तोंडपाठ होता, असं मी समजत होते. बोकड विकला की हौसाक्का निम्मे पैसे मोजून माझ्याकडं ठेवायची. ती महिपतीअण्णाच्या हातात पैसे देत नसे. तो सोमवारी यायचा, पैसे घ्यायचा, आणि तिथल्या तिथं त्यातून पेंडीचं पोतं विकत घेऊन हौसाक्काच्या कुंपणाला टेकवून जायचा. कुंपणाबाहेरूनच शेळ्या मोजायचा, आत पाऊल टाकत नसे. गाव म्हणायचं, बघा, सख्ख्या बहिणीवर विश्वास नाही, दर सोमवारी मोजायला येतो. मीही तसंच म्हणायचे. माझ्या गल्ल्यातून गेलेली नोट माझ्याच गल्ल्यात परत येत होती, म्हणून मी त्याच्या पलीकडं विचार केला नाही.

हो, सख्खी भावंडं. ती थोरली, तो धाकटा. शेळी यायच्या दोन वर्षं आधी वडिलांच्या जमिनीचा कागद झाला होता. महिपतीअण्णानं मागितला, हौसाक्कानं हक्क सोडला. आमच्याकडं बहिणी सोडतात, त्यात विशेष काही नाही; कचेरीतून आल्यावर भाऊ साडी नेसवतो, जेवण होतं, विषय मिटतो. महिपतीअण्णानं साडी आणली होती. हौसाक्कानं ती घेतली नाही, जेवलीही नाही. त्या दिवसापासून माहेरचा उंबरा तिनं ओलांडला नाही. पुढं तिचा नवरा गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी महिपतीअण्णा एक काळी शेळी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. गळ्यात पितळेची घंटी होती, त्यांच्या आईच्या गाईची. मीच तिला बोलावून आणलं होतं. ती म्हणाली, त्याला सांग, मला कुणाचं दान नको. तो म्हणाला, तिला सांगा, दान कुठलं, अर्धलीनं देतोय, मला चारायला जमत नाही. धंद्याची गोष्ट म्हटल्यावर तिनं दावं हातात घेतलं.

आडसूळनं घड्याळ बघितलं. अजून दोन वस्त्या करायच्या होत्या त्याला. "मालक ठरत नसेल तर मी 'वाद' असा शेरा मारतो," तो म्हणाला. "मग कुणालाच काही मिळणार नाही."

"आक्काचं नाव घाला," महिपतीअण्णा म्हणाला. "मी लिहून देतो, माझा काही हक्क नाही म्हणून."

हे ऐकलं आणि हौसाक्काचा चेहरा असा झाला, की मी दोन पावलं मागं सरले.

"शालन," ती म्हणाली, "त्याला म्हणावं, हक्क सोडल्याचा कागूद आमच्या घरात एकदाच झाला, तेवढा बास झाला. दुसऱ्याच्या जनावरावर मी माझं नाव चढवायची न्हाई. उद्या कुणी म्हणल, भावाचं लुबाडलं."

"कोण म्हणणार आहे?"

"मी म्हणंन."

महिपतीअण्णा खाली मान घालून उभा. त्यानं स्वतःचं नाव घालायलाही नकार दिला होता. कारण विचारलं तर नुसता डोकं हलवायचा. गावातला सगळ्यात चिकट माणूस म्हणून त्याची ख्याती. लग्नाच्या पंगतीतली उरलेली पत्रावळ घडी घालून घरी नेणारा. तो फुकटच्या पैशाला नाही म्हणतोय, ती गरजेच्या पैशाला नाही म्हणतेय, आणि उद्या टेम्पो येतोय. मला दोघांच्याही पाठीत दोन-दोन घालाव्या असं वाटलं.

"वाटणी आत्ता करा," मी म्हणाले. "इथं. ह्या अंगणात. नऊ वर्षांची एकदम. सात तुझ्या, सात त्याच्या. डॉक्टर बिल्ले मारून मोकळे होतील. मदत जनावरामागे आहे, दोघांनाही सारखीच मिळेल. कुणी कुणाचं लुबाडलं नाही, कुणी कुणाला सोडलं नाही."

नऊ वर्षं जे टाळलं ते करायला दोघंही धजेनात, एवढं मला दिसत होतं. का, ते दिसत नव्हतं.

मग हौसाक्का उठली. "चालंल," ती म्हणाली. "पर मटणाचे वाटे घालत्यात तसं करू. मी वाटे घालती. त्यानं पाठ करून हुबं ऱ्हायाचं."

जत्रेच्या मटणाला आमच्याकडं तशी पद्धत आहे. पळसाच्या पानावर वाटे मांडतात, एक माणूस पाठ फिरवतो, दुसरा एका वाट्याला हात लावून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा माणूस नाव घेतो. त्याला दिसत नाही, म्हणून तंटा नाही. पण पाठ फिरवायला तिऱ्हाईत घेतात. मी म्हणाले, मी उभी राहते. हौसाक्का म्हणाली, न्हाई, त्योच.

महिपतीअण्णानं काही विचारलं नाही. तो गिरणीच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भिंतीवर पिठाचा थर होता, त्याच्या नाकापासून वीतभर.

हौसाक्का शेळ्या वेगळ्या करायला लागली. लिंबाच्या बाजूला तिनं मोरी बांधली. पहिल्या काळ्या शेळीची ही लेक, कळपाची म्होरकी, दोन वेळा मिळून तांब्याभर दूध देणारी. तिच्याजवळ दोन गाभण आणि चार तरण्याताठ्या. उखळाच्या बाजूला लंगडी, एक दात पडलेली म्हातारी, एक भाकड, आणि चार अशा की बघूनच दया यावी. मी बघत राहिले. हे असले वाटे? आंधळ्यानं घातले असते तरी बरे पडले असते. आडसूळलासुद्धा कळलं. त्यानं माझ्याकडं बघून भुवया उचलल्या.

मग तिनं आणखी एक केलं. मोरीच्या गळ्यातली घंटी तिनं काढली. आतली लोळी बोटांत घट्ट धरली, इतकी की एकदाही वाजली नाही. तशीच अंगण ओलांडून गेली आणि घंटी लंगडीच्या गळ्यात बांधली.

आता मला कळलं. वा ग बाई, मी मनात म्हणाले. ती घंटी महिपतीअण्णाला झोपेतसुद्धा ओळखू आली असती. त्याच्या घरात तो तिच्याच आवाजावर वाढला. घंटी वाजली की तो समजणार, हा मोरीचा वाटा, चांगला वाटा. आणि त्याच्यासारखा चिकट माणूस म्हणणार, माझा. म्हणजे लंगडी-म्हातारी त्याच्या गळ्यात, आणि मोरी हौसाक्काच्या दावणीला. जमिनीचं उट्टं फिटलं. अकरा वर्षं गप्प राहून ही बाई एवढा हिशेब बांधत होती, आणि मी स्वतःला हिशेबी समजत होते. मला तिचं कौतुकच वाटलं. आडसूळ तोंड उघडणार होता, मी त्याला डोळ्यानं गप्प केलं.

हौसाक्का उखळापाशी गेली. लंगडीच्या मानेला धरून तिनं हिसका दिला. घंटी वाजली.

तिनं मला खूण केली.

"हा वाटा कुणाचा?" मी विचारलं.

महिपतीअण्णाची पाठ हलली नाही. घंटीचा आवाज त्याला पोचला होता, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. मोरीनं लिंबाखालून एकदा मान उचलली, आपली घंटी दुसरीकडं कशी वाजते म्हणून. मी त्याच्या 'माझा'ची वाट बघत होते. एवढा वेळ कशाला लावतोय?

"आक्काचा," तो म्हणाला.

मी म्हटलं, गेलं. डाव उलटला. बिचारीनं खड्डा खणला आणि लंगडी तिच्याच पदरात पडली. मी हौसाक्काकडं बघितलं. हरलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो, दळण तोलताना रोज दिसतो. तिचा तसा नव्हता. ती लंगडीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. रडतेय की हसतेय, तेही मला धड कळेना.

"नक्की?" आडसूळनं विचारलं. त्याला राहवलं नाही. "पाहिजे तर पुन्हा एकदा—"

"तोच," महिपतीअण्णा भिंतीला म्हणाला. "घंटीचा आक्काचा. दुसरा माझ्या नावावर लिहा."

आणि तो तसाच उभा राहिला. आता वळायला हरकत नव्हती, पण तो वळेना. भिंतीवरचं पीठ त्याच्या श्वासानं हलत होतं.

"वळ की आता, महिपा," हौसाक्का म्हणाली. मला नव्हे. त्याला. "किती वेळ पाठ करून हुबा ऱ्हातोस?"

तो वळला. आधी त्यानं तिच्याकडं बघितलं, कारण अकरा वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. मग त्याची नजर घंटीवर गेली. घंटीवरून लंगडीवर. लंगडीवरून पार पलीकडं, लिंबाखाली, गळा मोकळा असलेल्या मोरीवर. त्याचा चेहरा असा गोंधळला, की मी जागच्या जागी हसले असते, पण मी स्वतःच तेवढी गोंधळले होते.

"आक्का, हे काय?" तो म्हणाला. "चांगला वाटा माझ्याकडं आला."

"तू न्हाई ना मागितलास," ती म्हणाली. "मला एवढंच बघायचं हुतं."

आडसूळनं बिल्ले मारले. सात हौसाबाईच्या नावावर, सात महिपतीच्या. लंगडीनं बिल्ला मारताना आकांत केला, मोरी गप्प उभी राहिली. सरकारच्या हिशेबात लंगडी आणि मोरी एकाच किमतीच्या. हौसाक्काच्या नावावर मोरी असती तरी तिला तेवढेच मिळाले असते, एक पैसा जास्त नाही. ती हे पहिल्यापासून धरून होती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पेंडीचं पोतं तिच्या हातगाडीवर चढवत होते. यादीत नाव लागलं होतं, मी शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि रिकामा गेला.

त्याच्या मागोमाग महिपतीअण्णा आला. सोमवार नव्हता. मोरी आणि तिच्याबरोबरच्या सहा, सगळ्या दाव्याला धरून. हौसाक्काच्या कुंपणापाशी थांबला, नेहमीसारखा. ती अंगण झाडत होती. मी समोरच्या ओट्यावरून बघत होते. कोंडा पाखडायचा होता म्हणून, मुद्दाम नव्हे.

"मला चारायला जमत न्हाई," तो म्हणाला. "अर्धलीनं ठेवतीस का?"

तिनं झाडणं थांबवलं नाही. अंगण पुरं झाडून झाल्यावर कुंपणाचं काटेरी झाप ओढून बाजूला केलं. तो आत गेला. चहा उकळल्याचा वास मला ओट्यापर्यंत आला, आणि मी कोंडा पाखडायचा विसरले.

मदतीचे पैसे पुढं यथावकाश दोघांच्याही खात्यात आले. महिपतीअण्णानं आपल्या पैशांची पेंड घेतली. कुठं टेकवली, ते आता सांगायला नको. त्या वर्षी दिवाळीच्या भाऊबीजेला हौसाक्का माहेरी गेली. अकरा वर्षांपूर्वीची साडी त्याच्या बायकोनं ट्रंकेत जपून ठेवलेली होती, तीच नेसून परतली. घडीवर विरली होती, पण दळणाला आली तेव्हा दोन-चार वेळा तिनं काठ माझ्यासमोर नीट केला, म्हणून मला विचारावंच लागलं.

आता या गोष्टीला वर्षं झाली. माझ्या डोक्यातून मात्र तो हिशेब जात नाही. तिच्या सात तिच्या. त्याच्या सात अर्धलीनं, म्हणजे त्यांची पिल्लं निम्मी तिची. पण दोन्हीकडच्या शेळ्या एकाच गोठ्यात, एकाच बोकडाला. पिवळ्या बिल्ल्यांपैकी निम्मे काटेरी झुडपात अडकून कधीच तुटले. पिल्लांच्या कानात बिल्ले नाहीतच. घंटी आता मोरीच्या लेकीच्या गळ्यात गेली आहे. मागच्या महिन्यात हौसाक्का दळण घेऊन आली, मागं एक काळं पिल्लू उड्या मारत आलं. मला राहवेना.

"हे कुणाचं ग?" मी विचारलं. "तुझं का अण्णाचं?"

तिनं पिल्लाकडं बघितलं. खरंच विचार करतेय असं थोडा वेळ बघितलं.

"वाटणी झाल्यावर कळंल," ती म्हणाली.

"कधी करताय?"

"बघू की. घाई काय हाय?" तिनं पायली माझ्याकडं सरकवली. "तू दळण घाल. बारीक दळ, महिपा जेवायला हाय."